सुलू तांडेलचा अडकलेला तिसरा अंक

पडदा वर जातो. दुपारचे दोन वाजायला चार मिनिटं आहेत. पाम गावातल्या एका घराची ओटी. उजव्या अंगाला खिडकी, खिडकीतून आत आलेली निळी वायर, जाळं विणायच्या दोरीने गजाला पक्की बांधलेली. मधोमध टेबलावर कॉम्प्युटर. समोर सहासष्ट वर्षांची बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर वही, हातात पेन्सिल. वारा समुद्राकडून असला की इथे सुक्या मासळीचा वास येतो, तारापूरच्या कारखान्यांकडून असला की औषधांचा. आज दोन्ही येताहेत. दुसरं पात्र म्हणजे मी. मी दारात चपला काढतो आहे, आणि पुढच्या तासाभरात मला काय ऐकायला मिळणार आहे याची मला काहीही कल्पना नाही.

रंगमंचावर मी शेकडो वेळा हादरलो आहे. छातीवर हात ठेवून, दोन पावलं मागे जाऊन, खांबाचा आधार घेऊन. त्या दुपारी खरोखर हादरलो तेव्हा हातातला चहाचा कप खाली ठेवायचंसुद्धा सुचलं नाही. चहा पायावर सांडला आणि तो गरम आहे हे बऱ्याच वेळाने कळलं.

ही बाई सुलू तांडेल. माहेर दातिवऱ्याचं. लहानपणी आईबरोबर पाटी डोक्यावर घेऊन मासळी विकायला जायची, आणि चार गल्ल्यांना ऐकू जाईल असा आवाज लावायची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन पामला आली. पुढे तारापूरच्या एका औषध कारखान्यात पॅकिंगला लागली. शिक्षण सातवी. पण वाचायची अशी, की ओळीवर नजर पडायच्या आत वाक्य तोंडात.

तेव्हा मी नाटक कंपन्यांचे दौरे सोडून पालघरला परत आलो होतो आणि औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांची एक नाटक मंडळी बांधत होतो. बोईसरच्या एका शाळेच्या वर्गात तालीम चालायची. सुलू मैत्रिणीसोबत नुसती बघायला आली होती. मी एका वाक्यावर अडलो, आणि मागच्या बाकावरून ते वाक्य हळूच माझ्या कानात आलं. तीन तालमी ऐकून तिला अख्खा प्रवेश पाठ झाला होता. त्या दिवसापासून बारा वर्षं ती आमची प्रॉम्प्टर.

प्रॉम्प्टरचं काम प्रेक्षकाला कधी दिसत नाही, म्हणून सांगतो. विंगेत स्टुलावर बसायचं, संहितेवर बोट ठेवायचं, आणि नट अडलाय हे नटाला कळायच्या आधी ओळखायचं. आवाज असा, की नटापर्यंत पोचेल आणि पहिल्या रांगेपर्यंत पोचणार नाही. बाजारात ओरडलेली ही बाई असं कुजबुजायची, की मला वाटायचं वाक्य मलाच आठवलं. बारा वर्षं टाळ्या मी घेतल्या. तिला टाळ्या मिळाल्या नाहीत आणि तिने त्या मागितल्याही नाहीत.

मग शहाण्णव साल. वसाहतीच्या नाट्यस्पर्धेची अंतिम फेरी. नाटक आमच्यातल्याच एका फिटरने लिहिलेलं, ‘मिठागराचा मालक’. तिसऱ्या अंकात मुलगा बापाला विचारतो, “बाबा, गोदामाला कुलूप कुणी घातलं?” त्यावर मालक झालेला मी सांगायचं, “कुलूप मीच घातलं.” चार शब्दसुद्धा नाहीत. मी डाव्या विंगेपाशी पाठमोरा उभा होतो, आणि ते तीन शब्द माझ्या डोक्यातून नाहीसे झाले. मी वाट बघितली. विंगेतून काही आलं नाही. प्रेक्षक खोकू लागले. शेवटी कुणीतरी पडदा ओढला.

निदान मी तरी हे असंच सांगत आलो. सुलू पहाटेच्या पाळीवर जाऊन आली होती, तिचा स्टुलावर डोळा लागला, असं त्याच रात्री ठरलं. ठरवलं कुणी, ते आता आठवत नाही. तिने सांगून बघितलं की आपण वाक्य दिलं होतं. कुणी ऐकून घेतलं नाही. पुढच्या तालमीला तिला बोलावणं गेलं नाही, आणि वर्षभरात मंडळीही फुटली. ती रात्र मात्र माझ्या गप्पांचा हुकमी प्रवेश झाली. लग्नात, बारशात, सत्कारात मी तो करून दाखवायचो. पेंगणाऱ्या प्रॉम्प्टरची मान लटकली की हशा ठरलेला. अठ्ठावीस वर्षं मी तो हशा घेत होतो.

यंदा जुन्या मंडळींनी एक स्मरणिका काढायची ठरवली. मी लेख लिहिला आणि त्यात ती रात्र घातली, सुलूच्या नावासकट. लेख व्हॉट्सॲपवर फिरला, फिरत फिरत तिच्यापर्यंत गेला, आणि एका सोमवारी सकाळी तिचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती रागावली नव्हती. माझी तब्येत विचारली, गुडघे विचारले, आणि मग म्हणाली, “दादा, छापायला कवा जातंय?”

पुढच्या सोमवारी, असं मी सांगितलं.

“मंग मला तवर वेळ द्या. मी झोपलेली असेन तर छापा. माझं काय म्हणणं नाय.”

मी कारण विचारलं. तिने एका टेपचं सांगितलं. आमचा ध्वनीवाला प्रदीप प्रत्येक प्रयोगाला आपला टेपरेकॉर्डर डाव्या विंगेत, सुलूच्या स्टुलाला टेकून ठेवायचा. हे मला माहीत होतं. पण त्या सगळ्या कॅसेट त्याने म्हातारपणी कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या, आणि गुजरातेतल्या आपल्या घरून टॉरंटवर सगळ्यांसाठी खुल्या केल्या होत्या, हे मला नवीन होतं. सुलूला ते माझा लेख वाचल्यावर शोधताना सापडलं होतं, आणि महिनाभर ती ते उतरवून घेत होती. प्रदीप गेल्या वर्षी गेला. फोन बंद, पत्ता कुणाकडे नाही. त्याचं यंत्र मात्र अजून रोज दुपारी दोनला सुरू होतं आणि तीनला बंद होतं. घरातलं कुणीतरी त्याने सांगून ठेवलेलं पाळत असावं.

मंगळवारी मी पालघरहून एसटीने बोईसरला आणि तिथून रिक्षाने पामला गेलो. सुलूने शेजारी खुर्ची सरकवली आणि टॉरंट म्हणजे काय ते मला समजावलं. एका दुकानातून अख्खा माल आणायचा नाही. ज्याच्याकडे जो तुकडा आहे, त्याच्याकडून तो घ्यायचा, आणि घेता घेता आपल्याकडचे तुकडे दुसऱ्यांना द्यायचे. आपल्या नाटकाचे असे बारा घेणारे आहेत, सुलू धरून. नाटकवेडे असतील, कुठले कुठले. त्या सगळ्यांकडचं मिळून जेवढं होतं तेवढं तिच्याकडे आलं होतं. शंभरातले एकाहत्तर. उरलेले एकोणतीस फक्त प्रदीपच्या यंत्रावर.

तिने मला आलेलं ऐकवलं. पहिला अंक स्वच्छ, दुसरा अंक स्वच्छ. माझा पन्नाशीतला आवाज ऐकून मीच चकित झालो. तिसऱ्या अंकात मात्र भोकं. सूर लागला की खरखर, मग नुसती शांतता, मग भलत्याच प्रवेशातलं अर्धं वाक्य. कुलपाचा प्रवेश सबंध गायब होता.

“कुरतडलेलं जाळं,” सुलू म्हणाली. “नेमका मासा तिथूनच गेलाय.”

दोन वाजले. पडद्यावर प्रदीपचं यंत्र उगवलं. आकडा चढला, सेकंदाला एकशे ऐंशी केबी. मी सरसावून बसलो. तीन मिनिटांत आकडा नव्वदवर आला. सहाव्या मिनिटाला नऊवर, आणि पुढे तासभर नऊच. तीन वाजता यंत्र मावळलं तेव्हा एकाहत्तराचे जेमतेम चौऱ्याहत्तर झाले होते. या चालीने सोमवारपर्यंत काही होणार नव्हतं, हे हिशेब न मांडताही कळत होतं.

असं का होतं, याचा सुलूने आधीच छडा लावायला घेतला होता. वायफाय भिंतीतून येताना अडतं असं वाचलं, म्हणून तिने राउटरपासून थेट वायर ओढली. तीच ती निळी वायर. दोन ते तीन घरात टीव्ही बंद, सगळ्यांचे फोन वायफायवरून खाली. केबलवाल्याच्या कचेरीत चार फोन झाले. तो म्हणाला, लाइन चोख आहे, पिक्चर लावून बघा. पिक्चर लावला, तर एकदाही अडला नाही. राउटरच्या आतल्या पानांवर जाऊन बाहेरच्यांसाठी दार कसं उघडतात तेही तिने केलं. सात वर्षांपूर्वी हिला मोबाइलवर मेसेज उघडता येत नव्हता. कॉम्प्युटर सून तेजलचा, आणि शिकवलं तिनेच. बोईसरच्या नोकरीवरून घरी आली की तेजल रोज विचारायची, “आई, तुमचं कासव कुठवर पोचलं?” आणि सुलू लोकलची स्टेशनं मोजावीत तशी, तितक्याच गंभीरपणे सांगायची, “उमरोळी गेली. पालघर यायचंय.”

बुधवारी यंत्र उगवलंच नाही. आम्ही दोघं तासभर कोऱ्या रकान्याकडे बघत बसलो. गुरुवारीही नाही. सुलू हळूच म्हणाली की त्या घरातल्या माणसाने आता सोडून दिलं असेल, आणि सोडलं तर त्याचंही बरोबरच आहे, मेलेल्या माणसाचं किती दिवस चालवायचं. शुक्रवारी उगवलं, पण वीस मिनिटंच. शहात्तर.

त्या दिवशी ती चहा करायला आत गेली तेव्हा मी तिची वही उघडली. संहितेत नटाच्या प्रत्येक थांब्यासमोर ती पूर्वी खूण करायची, तशाच बारीक अक्षरात रोजचे आकडे. एका रकान्यावर ‘घेतलं’, शेजारी ‘दिलं’. घेतल्याचा आकडा जसा पडत होता तसा दिल्याचा चढत होता. एकही दिवस चुकला नव्हता. पहिल्या मिनिटाला दिलं थोडं, घेतलं भरपूर. सहाव्या मिनिटाला दिलं काठोकाठ, घेतलं नऊ.

मला यंत्रातलं काही कळत नाही. पण एकाच्या तोंडावर दुसरा बोलला की दोन्ही वाक्यं मरतात, एवढं पन्नास वर्षांत शिकलो आहे. ती चहा घेऊन आली तेव्हा मी विचारलं, देण्याला काही मर्यादा घालता येते का.

“येते की. तिथं आकडा टाकायचा. मी टाकला नाय.”

का नाही टाकला, असं विचारल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. जसं काही मी ‘जेवताना चप्पल का काढता’ असं विचारलं होतं. तिच्या घरात शेजारणीची वाटी कधी रिकामी परत गेली नाही. भाजी आली तर वाटीत चार सुके बोंबील जातात, नाहीतर चिकू, नाहीतर मूठभर साखर तरी. दिवसभर अनोळखी माणसांकडून तुकडे घ्यायचे आणि आपल्या हाताला आकडा लावायचा, हे तिला सुचलंच नव्हतं. सुचलं असतं तर लाज वाटली असती. पहिल्याच दिवशी तिने तो रकाना बघून ‘मर्यादा नाही’ वर खूण केली होती, आणि मग राउटर, त्याचं दार, वायर, केबलवाला, सगळीकडे शोधलं. आपल्या देण्याकडे मात्र संशयाने बघितलं नाही.

तिने त्याच प्रोग्रामचं मदतीचं पान उघडलं आणि मला वाचून दाखवू लागली. दोन ओळी वाचल्या आणि थांबली. मग पुन्हा तेवढ्याच वाचल्या, मनात. केबलच्या जोडणीत खाली येणारा रस्ता रुंद असतो आणि वर जाणारा बोळ. मिळालेल्या प्रत्येक तुकड्याची पोच त्याच बोळातून परत पाठवावी लागते. पोच गेली नाही तर समोरचा पुढचा तुकडा सोडत नाही. प्रदीपच्या यंत्राचा एक नवा तुकडा सुलूकडे आला की बाकीचे अकरा जण तो घ्यायला तिच्याच दारात. बोळ देण्याने भरून जायचा, आणि पोच मागे अडकायची.

तिचा चेहरा उतरला. म्हणाली, म्हणजे गेला महिनाभर मीच माझा हात धरून ठेवला होता.

मी लगेच आकडा टाकायला सांगितलं. तिने नकार दिला. त्या अकरा जणांतही कुणीतरी आपल्यासारखं अडून बसलं असेल, म्हणाली. त्यांना काय सांगायचं? मी चिडलो. सोमवारी छपाई आहे, तुझं नाव त्यात आहे, आणि तू ज्यांचं तोंड बघितलं नाहीस त्यांची चिंता करतेस. तेव्हा तिने जे विचारलं ते मीच स्वतःला आधी विचारायला हवं होतं. तुम्ही तुमच्या लेखातली ती ओळ आजच काढत का नाही?

मी म्हणालो, जे झालं ते मी कसं काढू. माझा खरंच तसाच विश्वास होता. हे लिहिताना मला लाज वाटते, पण होता.

शनिवारी मी पोचलो तेव्हा तिने ठरवून टाकलं होतं. एका तासापुरता आकडा टाकायचा, तोही सगळं बंद करणारा नाही. बोळाच्या निम्म्यापेक्षा कमी, म्हणजे त्या अकरांना थोडं थोडं जात राहील आणि पोचेलाही जागा मिळेल. दोनला चार मिनिटं होती. मी चपला काढून आत आलो, तिने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि बसली. इथेच आपला पडदा वर गेला होता.

दोन वाजले. काही नाही. दोन वाजून दोन मिनिटं. मग यंत्र उगवलं.

एकशे ऐंशी. तिसऱ्या मिनिटाला एकशे नव्वद. सहाव्या मिनिटाला, जिथे रोज सगळं कोसळायचं तिथे, दोनशे दहा. सुलूची पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच. ऐंशी झाले, मग ऐंशी ओलांडून पंच्याऐंशी. दोन पस्तीसला पडद्यावरची पट्टी हिरवी झाली. शंभर. मी टाळी वाजवायला हात उचलला, तर तिने बोटाने थांबवलं आणि तिसरा अंक लावला.

माझा आवाज, मुलाच्या भूमिकेतल्या पोराचा आवाज. मग प्रश्न. “बाबा, गोदामाला कुलूप कुणी घातलं?”

शांतता.

आणि मग इतक्या जवळून, की मी मान वळवून शेजारी बघितलं, एका तरुण बाईची कुजबुज. “कुलूप मीच घातलं.”

दोन श्वासांचं अंतर. पुन्हा, जरा ठामपणे. “कुलूप मीच घातलं.”

आणि त्यावर दातांतून, दबक्या आवाजात, पुरुषाचं उत्तर. “माहीत आहे. गप्प बस.”

तो आवाज माझा होता.

मी कुठेही असतो तरी ओळखला असता. त्यानंतर टेपवर ती कुजबुज तिसऱ्यांदा आली, कापरी, अर्धीच. मग नुसतं खोकणं, आणि पडद्याची कप्पी करकरली.

कप माझ्या हातात होता आणि चहा पायावर. परीक्षक समोर बसले होते, म्हणून मी तिथे लांब थांबा घेणार असेन. वाक्य मला येतच असेल. आणि थांबा घेता घेता ते निसटलं असेल. हे मी अंदाजाने लिहितो आहे, कारण तिला ‘गप्प बस’ म्हटल्याचं मला आजही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की विंगेतून काही आलं नाही. ते मी शपथेवर सांगितलं असतं.

मी सुलूला विचारलं की मी तुला गप्प बस म्हणालो, हे तुला माहीत होतं का? तू कुणाला बोलली का नाहीस?

तिने चष्मा काढला. तिला तसं ऐकल्यासारखं वाटलं होतं, म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी मी इतक्या खात्रीने सगळ्यांना सांगत होतो, की तिला वाटलं भास झाला असेल. एवढा मोठा नट खोटं कशाला बोलेल. मग वर्षं गेली, आणि वाक्य दिलं की नुसतं मनात म्हटलं, हेही तिला खात्रीने सांगता येईना. आताशा औषधं घेतली की नाही तेही लक्षात राहत नाही. म्हणून टेप हवी होती. माझ्यावर काही सिद्ध करायचं तिच्या डोक्यात नव्हतं. तिला स्वतःबद्दल जाणून घ्यायचं होतं.

मी तिच्या पायांकडे वाकलो, तर तिने खांदे धरून मला वर उठवलं आणि ओल्या पायावर घालायला फडकं आणून दिलं. मी म्हणालो, आजच लेख फाडतो, नवा लिहितो, आणि त्यात माझं ते वाक्य जसंच्या तसं घालतो. ती मान हलवत राहिली. तुमचं वय झालं, म्हणाली, लोक हसतील तुम्हाला. तिने कॉम्प्युटरकडे वळून देण्यावरची मर्यादा उठवली, आणि पाठमोरी असतानाच मला बजावलं. तिचं ते सांगणं मी इथे मोडलं आहे, कारण अर्धं सांगण्याची मला आता भीती वाटते. पण ती म्हणाली ते हे:

“ते गप्प बसचं नका लिवू, दादा. सुलू जागी होती, एवढंच लिवा.”